बडोद्यात फायरमनची कायम नोकरी मिळतेय, घ्यावी का?

घ्या, पण ज्वाळांपेक्षा धुराची धास्ती ठेवा. नियमित पगार आहे आणि माणूस जिवंत बाहेर काढल्याचं समाधान फार मोठं आहे. इथे विश्वामित्रीच्या पुरातही हेच काम. तोटा गंभीर: २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा व्यवसाय कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकला. काजळी कातडीतूनही शरीरात जाते. म्हणून ढिगारा धुमसत असेपर्यंत मास्क काढू नका (बरेच जण तिथेच काढतात), सूट घरी नेऊ नका, तासाभरात आंघोळ करा. पाठीवरचा श्वासाच्या हवेचा ६.८ लिटरचा, ३०० बार दाबाचा सिलिंडर ४५ मिनिटांचा म्हणतात. जिना चढताना तो साधारण अर्ध्या तासातच संपतो. मात्र भरती कंत्राटी निघाली, तर विमा आणि वैद्यकीय तपासणीचं लेखी घेतल्याशिवाय रुजू होऊ नका.