अंदमानला निघताय? आधी बोटीचं बघा

भाऊ, नाशिकच्या ओझर विमानतळावरून थेट विमान शोधत बसू नका. रात्रीच कसारा उतरून मुंबई गाठा, तिथून चेन्नई किंवा कोलकाता करत पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. चेन्नईहून जहाजही जातं, पण अडीच-तीन दिवस समुद्रात. लहान मुलं सोबत असताना मी तरी सांगणार नाही.

खरी कसोटी पुढे, हॅवलॉक बेटाच्या (2018 पासून स्वराज द्वीप) बोटीची. खासगी कॅटमरान (वेगवान बोट) दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी बोट अडीच तासांत आणि बरीच स्वस्तात. बोट लागत असेल तर अर्धा तास आधी गोळी घ्या. परतीची बोट मात्र विमानाच्या आदल्या दिवशीचीच काढा. आमच्या वेळी समुद्र खवळला, फेरी रद्द झाली, विमान गेलं. आई जेटीवर बॅगेवर बसून पाण्याकडे नुसती बघत राहिली, ते अजून आठवतं.

बेटावर स्कूटर भाड्याने घ्या, मूळ लायसन्स सोबत ठेवा. जेटीपासून राधानगर किनारा साधारण बारा किलोमीटर. चार वाजताच पोचा. आपल्याकडे गोदाघाटावर ऊन असतं तेव्हा तिथे सूर्य बुडालेला असतो.