पिपने पॅकेज इन्स्टॉल होतं, पण इम्पोर्ट करताना ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ का येतं?

आधी एक करा, तुम्हाला हवं असलेलं ‘रिक्वेस्ट्स’ हे पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करणं थांबवा. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल, म्हणतो ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’ (आधीच बसवलेलं आहे), कोड म्हणतो मॉड्यूलच नाही, आणि दोघंही खरं बोलतायत. बहुतेक तुमच्या मशीनवर एकापेक्षा जास्त पायथन आहेत. प्रत्येकाचं साइट-पॅकेजेस, म्हणजे पॅकेजेस ठेवायचं फोल्डर, वेगळं. पिपने एकात टाकलं, कोड दुसऱ्यावर चालतोय.

अंदाज बांधत बसू नका, तपासा. जिथे एरर येते त्याच फाइलच्या सुरुवातीला ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ प्रिंट करा, म्हणजे कोड कोणत्या पायथनवर चालतोय त्याचा पाथ दिसेल. मग टर्मिनलमध्ये ‘पिप --व्हर्जन’ चालवा. तो स्वतःचा पाथ आणि कोणत्या पायथनचा आहे तेही दाखवतो. दोन्ही जुळले नाहीत की दुखणं सापडलं.

यापुढे नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहूच नका. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ लिहा, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याकडेच पॅकेज जाईल. व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर ‘सिलेक्ट इंटरप्रीटर’मध्ये तोच पायथन निवडा. ज्युपिटर नोटबुकमध्ये सेलमधूनच ‘%पिप इन्स्टॉल’ करा.

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र व्हेन्व्ह (पॅकेजेस वेगळी ठेवणारं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट) हवंच, याबद्दल मी आग्रही आहे. 2012 मध्ये आलेल्या पायथन 3.3 पासून ते सोबतच मिळतं. डेबियन 12 या लिनक्सवर तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप चालवलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ म्हणून अडवतात. तेव्हा ही अडवणूक बाजूला सारणारं, नेटवर सापडलेलं ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ कृपा करून चिकटवू नका. त्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची टूल्स चालतात, ती मोडली तर रिक्वेस्ट्सचा प्रश्न फारच किरकोळ वाटेल.

पाथ जुळूनही एरर आली तर नाव बघा. रिक्वेस्ट्सचं दोन्हीकडे एकच आहे, पण सगळ्यांचं तसं नसतं: इन्स्टॉल करायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’, इम्पोर्ट करायचं ‘सीव्ही2’, ‘पिलो’ इम्पोर्ट होतं ‘पीआयएल’ म्हणून, तेही कॅपिटल अक्षरांत.

आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव ‘रिक्वेस्ट्स.पीवाय’ असेल तर ते आजच बदला. स्क्रिप्ट चालवताना पायथन आधी तिच्याच फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून तुमचीच फाइल इम्पोर्ट होते. तेव्हा एरर वेगळी दिसते, ‘गेट’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट नाही अशी काहीतरी.

एवढं करूनही अडलात तर ते दोन्ही पाथ प्रश्नात जसेच्या तसे टाका, मी बघतो.