चवथीला पोर कुणाकडे?

"मॅडम, पोर कुणाला मिळणार ते आधी सांगा." वेगळं व्हायचं ठरवून माझ्याकडे सल्ल्याला आलेलं जोडपं खुर्चीत नीट टेकण्याआधी हे विचारतं. ताबा हा शब्दच मला खटकतो. ताबा घराचा असतो, भाटाचा म्हणजे नारळाच्या बागेचा असतो. म्हणून मी उलट विचारते, "मंगळवारी तिला ताप आला तर रजा कोण काढणार?" मग दोघंही गप्प होतात.

गोव्यातलं असंच एक जोडपं काही वर्षांपूर्वीचं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तो म्हापशाकडचा, जहाजावर नोकरीला, सात-आठ महिने समुद्रावर आणि मग दोन महिने घरी. तिचं माहेर फोंड्याला. मुलगी आठ वर्षांची. दोघं समजूतदार, आवाज न चढवणारी. टाइप केलेला कागद घेऊनच आली होती: 'मुलगी आईकडे राहील, वडील सोयीप्रमाणे भेटतील.' मी वाचला आणि ठीक आहे म्हटलं. ही माझी चूक.

तो सुट्टीवर आला आणि 'सोयीप्रमाणे'चे दोन अर्थ झाले. त्याच्या मते दोन महिने मुलगी त्याच्याकडेच हवी. तिच्या मते शाळा सांभाळून रविवारी दुपारी. त्यातच चवथ आली. त्याच्या घरी पाच दिवसांचा गणपती, तिच्या माहेरी दीड दिवसाचा. सावंतवाडीच्या मामांनी हिंदू विवाह कायद्याचा आधार देऊन गोंधळ आणखी वाढवला. गोव्यात तो कायदा चालत नाही. इथे पोर्तुगीज काळातला कौटुंबिक कायदा आहे, घटस्फोटापुरता 1910 चा. कोल्हापूर-सावंतवाडीचा सल्ला इथे जपूनच घ्यावा.

मुलीशी मी एकटीशी बोलले. 'आई हवी की बाबा' हे मी कुठल्याच मुलाला विचारत नाही. चवथीला काय आवडतं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "माटोळी. आजोबा शिडीवर चढतात, मी खालून एकेक फळ देते." माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून केलेलं छत. बाबांचं नाव नंतर आलं.

तिथून कागद नव्याने लिहायला घेतला. एक नाही, दोन वेळापत्रकं केली. तो घरी असताना एक शनिवार-रविवार सोडून पुढचा, शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, न्यायला-सोडायला तोच. तो जहाजावर असताना ठरावीक दिवशी व्हिडिओ कॉल, त्या वेळी आई खोलीत थांबणार नाही. मूल लांब असेल तर असा संपर्क हवाच, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2020 च्या एका निकालात म्हटलंय. शाळेचा निकाल दोघांना मिळेल. पासपोर्ट कुठे राहील आणि परदेशी न्यायचं तर दोघांची लेखी संमती, हेही लिहिलं. गोव्यात कुणाचा काका पोर्तुगालला, कुणाची आत्या लंडनला, त्यामुळे हे कलम मी कधीच विसरू देत नाही. मुलीचा खर्च वेगळ्या परिच्छेदात. पैसे थकले म्हणून भेट बंद किंवा भेट नाही म्हणून पैसे बंद, ही अदलाबदल मी चालू देत नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. "तो जहाजावर असेल त्या चवथीला मी तिला तिकडे का पाठवू?" आईचा प्रश्न रास्त होता. त्या घरात तिने बरंच सोसलं होतं. तीन बैठका यातच गेल्या. शेवटी तिनेच लिहायला सांगितलं: चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाला आजोबांकडे, पंचमीला सकाळी फोंड्याला. म्हणजे तिथली माटोळी आणि इथलं दीड दिवसाचं विसर्जन, दोन्ही तिच्या वाट्याला येणार होतं.

नोटरीच्या शिक्क्यावर थांबू नका, असं मी त्यांना बजावलं. वकिलामार्फत कागद कोर्टापुढे ठेवून हुकुमात घालून घेतला, तरच तो मोडल्यावर दाद मागता येते. "मग हे कायमचं झालं का?" त्याने विचारलं. नाही. मुलांबाबतचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच सांगितलंय.

पुढच्या चवथीला तो जहाजावर होता. आईने मुलीला स्वतः म्हापशाला सोडलं. आत गेली नाही, फाटकाशीच थांबली. सासूने नेवऱ्यांचा डबा बाहेर आणून दिला. दोघी काही बोलल्या नाहीत, असं मुलीने मला सांगितलं.

आता ती बारा वर्षांची आहे. शनिवारी सकाळी ट्यूशन असते, दहाची वेळ जमत नाही. पुढच्या आठवड्यात दोघं कागद घेऊन येणार आहेत.