डेबेड मार्टिन व्हिसरचाच आहे का? आणि नव्या कापडाने किंमत उतरते का?

तुमचे प्रश्न तीन: नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनजवळ घेतलेला हा राखाडी लोकरी कापडाचा डेबेड (बसायला आणि झोपायलाही चालणारा दिवाण) खरंच डच फर्निचर डिझायनर मार्टिन व्हिसरचा आहे का, विकणाऱ्याने फोम आणि कापड दोन्ही बदलल्यामुळे नुकसान झालं का, आणि त्या काळचं मूळ कापड शोधत बसावं का.

आधी कापड विसरा आणि सांगाडा बघा. गाद्या काढून डेबेड उलटा करा. वेल्डिंगचे सांधे, पायांच्या टोकाचा झिजलेला रंग, स्क्रूची भोकं, पाइपाची जाडी हे सगळं जुन्या कॅटलॉगमधल्या फोटोंशी आणि मापांशी ताडून पाहा. लेबल सापडलं नाही म्हणून घाबरू नका, मढवताना ते बहुतेक वेळा जुन्या कापडाबरोबर कचऱ्यात जातं. उलट सांगाड्याला चकचकीत नवं पावडर कोटिंग असेल तर मला जास्त खटकेल, कारण ओळख पटवणाऱ्या खुणा त्याखालीच झाकल्या जातात. सडपातळ पायांचा कुठलाही डच दिवाण आजकाल व्हिसर, सेस ब्राकमन किंवा रॉब पॅरी या डच डिझायनरांपैकी कुणाच्या तरी नावावर खपवतात. गादीखाली पोलादी जाळी आणि डोक्याकडे वर वळलेली चौकट असेल, तर तो औपिंग या डच पलंग-कंपनीचा ‘क्लिओपात्रा’ असण्याची शक्यता आहे. तो डिझायनर डिक कोर्डेमायरचा, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचा. तोही उत्तमच, पण व्हिसरचा नव्हे.

आता व्हिसरबद्दल, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. हा डेबेड ज्या स्पेक्ट्रम या फर्निचर कंपनीचा म्हणून विकला, ती तुमच्या आइंडहोव्हनच्या दक्षिणेला बेर्गाइक गावात जन्मली, तीही एका कापड गिरणीच्या पोटी. द प्लूख ही तिथली आदर्शवादी सहकारी वळणाची विणकाम संस्था. जर्मन ताब्याच्या काळात सूत मिळेनासं झालं, कामगारांना सक्तीच्या मजुरीसाठी नेलं जाण्याची भीती होती. मग 1941 मध्ये लाकडी घरगुती वस्तू बनवण्यासाठी स्पेक्ट्रम निघाली. व्हिसर (1922–2009) स्पेक्ट्रममध्ये येण्याआधी अॅमस्टरडॅमच्या बायेनकॉर्फ या मोठ्या दुकानात फर्निचर विभागात होता. 1954 पासून 1974 पर्यंत स्पेक्ट्रमच्या फर्निचरचं डिझाइन त्याच्या हाती होतं. BR02 हा त्याचा रात्री पलंग होणारा सोफा 1960 च्या सुमाराचा. युद्धानंतर हॉलंडमध्ये घरांची प्रचंड टंचाई होती. बैठकीच्या खोलीतच कुणीतरी झोपायचं, त्यामुळे असल्या फर्निचरला खरी गरज होती.

बेर्गाइकमधलं व्हिसरचं घर वास्तुविशारद रीटफेल्डने बांधलं आणि पुढे आल्डो फान आइक या दुसऱ्या वास्तुविशारदाने वाढवलं. तो आणि त्याची बायको मिया कलेचे मोठे संग्राहक. पुढे तो रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात आधुनिक कलेचा मुख्य अभिरक्षक झाला. भाऊ कारेल शिल्पकार. हे सगळं कळलं की सांगाडा इतका कोरडा, सरळ आणि उघडा का ठेवलाय ते पटतं.

महत्त्व सांगाड्याला आहे, म्हणून माझ्या मते नवं कापड हे नुकसान नाही. त्या काळचा फोम रबर साठ वर्षांत आधी चिकट, मग कडक होतो आणि शेवटी त्याचा भुगा पडतो. मूळ फोम शाबूत आहे असं कुणी सांगितलं तर हात लावून खात्री करा. खरा बिघाड जाडीत होतो. कारागीर मऊपणासाठी फोम जाड घेतात, वर पॉलिस्टरची वाडिंग (कापसासारखा मऊ थर) गुंडाळतात आणि सरळ कडांची गादी फुगून पावासारखी दिसते. सगळी रेघ तिथेच मरते. मूळ माप शोधा आणि फोमची घनता विचारा. घनमीटरला 35 किलोच्या खालचा असेल तर तो रोज बसून लवकर दबेल. खालच्या पट्ट्या ढिल्या पडल्या असतील तर कितीही चांगला फोम टाका, मधे खळगा पडणारच.

कापडासाठी वणवण करू नका. द प्लूखचं जुनं लोकरी कापड मिळालं तर आनंदच, पण राखाडी लोकर चांगली विणलेली असेल तर आहे तेच राहू द्या. बदलायचंच झालं तर डिझायनर नाना डिट्सेलचं हालिंगडाल हे कापड बघा: 1965 चं, 70 टक्के लोकर आणि 30 टक्के व्हिस्कोज. डॅनिश असलं तरी काळाला शोभतं आणि टिकतंही. पांढरं बुक्ले (गुंडाळ्या-गुंडाळ्यांचं खडबडीत कापड) मात्र कृपा करून नको. दोन वर्षांत त्याची फॅशन जाईल आणि डाग राहतील.

शेवटी एक घरगुती विचार. आई-बाबा भारतातून तीन महिने राहायला येणार असतील आणि त्यांना यावरच झोपवायचा बेत असेल, तर आधी स्वतः एक रात्र झोपून बघा. त्यांचे गुडघे दुखत असतील तर इतक्या खालच्या बैठकीवरून रोज उठणं त्यांना जड जाईल. त्यांना पलंग द्या, डेबेडवर तुम्ही झोपा.