औषधाची बाटली दिसली की पलंगाखाली

"जरा खरचटलं तरी घर डोक्यावर घेतो. हातसुद्धा लावू देत नाही. काय करायचं?" लहान मुलांचे आईवडील हे हटकून विचारतात. अशाच एका साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे आईबाबा माझ्याकडे आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गुडघा फुटला की एकाने हात धरायचे, दुसऱ्याने स्पिरिटचा बोळा फिरवायचा, आणि दोघांनी मिळून "अजिबात दुखत नाही" म्हणायचं, ही त्यांची पद्धत.

मी त्याच्याशी जखमेचा विषयच काढला नाही. बाहुली आणि चिकटपट्ट्या समोर ठेवल्या. त्याने बाहुलीला जमिनीवर दाबून धरलं, "काही नाही होत, काही नाही होत" असं दरडावलं आणि मग तिच्या गुडघ्यावर एकावर एक पट्ट्या चिकटवत सुटला. इतक्या कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "सगळं रक्त संपेल ना तिचं!"

या वयातल्या बऱ्याच मुलांना शरीर फुग्यासारखं वाटतं; भोक पडलं की आतलं सगळं बाहेर. त्यात "काही झालं नाही" म्हटलं की समोर रक्त दिसत असताना मोठी माणसं खोटं बोलताहेत, एवढंच त्यांना कळतं.

आधी मी स्पिरिट बंद करायला सांगितलं. किरकोळ खरचटण्याला नळाचं स्वच्छ वाहतं पाणी, जखमेच्या आजूबाजूला साधा साबण आणि वरून स्वच्छ पट्टी पुरते. स्पिरिट झोंबतं ते झोंबतंच, शिवाय उघड्या जखमेतल्या पेशींनाही त्रास देतं. "उघडी ठेव, वाळू दे" हाही जुनाच समज. झाकलेली, ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

मग बोलणं बदललं. "रक्त आलंय, थोडंसंच. दाबून धरलं की थांबतं. धुताना चुरचुरेल, सुरू करताना सांगेन." स्वच्छ फडकं त्यानेच दाबून धरायचं. मध्ये उचलून बघायचं नाही, हे काम मुलं मोठ्यांपेक्षा इमानदारीने करतात! "धुवायचं का?" असं विचारूच नये, उत्तर ठरलेलं असतं. "नळाखाली धरतोस की मी मगाने ओतू?" हे विचारावं. फुंकर मारायची हौस असेल तर साबणाचे फुगे द्यावेत. तोंडातले जंतू जखमेवर जात नाहीत आणि श्वासही संथ होतो. "गप्प बस, नाहीतर इंजेक्शन देतील" हे मात्र कायमचं बंद.

अर्थात खोल किंवा उघडलेली जखम, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, प्राण्याचा चावा, यात मुलाची मनधरणी करत बसू नये. मांडीवर घट्ट धरावं, काय करतोय ते सांगावं आणि डॉक्टर गाठावा. भाजलं तर लगेच वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरावं, तो कितीही रडला तरी, बर्फ नको.

पुढच्या भेटीत आईने सांगितलं, की तो पुन्हा पडला, रडलाही भरपूर, पण नळाकडे आपणहून गेला. पट्टी काढताना अजून आरडाओरडा होतो. त्यावर सध्या कडांना तेल लावून, आंघोळीत भिजवून ती त्यालाच सोलू द्यायची, एवढं ठरलंय.