आरसा पहाटे रीस्टार्ट होऊ दे, पण घरातलं कुणी उठायच्या आधी

तुमचा प्रश्न असा आहे: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसता ‘पाय’) चालणारा घरचा मॅजिक मिरर, म्हणजे घड्याळ-तारीख वगैरे दाखवणारा आरसा, दर दोन-तीन दिवसांनी अडकतो, प्लग काढून लावला की परत चालतो. तो रोज ठरलेल्या वेळी आपोआप रीस्टार्ट कसा करायचा, आणि रोजच्या रीस्टार्टने मेमरी कार्ड लवकर जातं का?

कार्डाचं आधी सांगते. नीट, सिस्टिमकडूनच होणाऱ्या रीस्टार्टने कार्डाला काही होत नाही. कार्ड खराब होतं ते तुम्ही आत्ता करताय त्या प्लग ओढण्याने. पाय काहीतरी लिहीत असताना वीज तुटली तर फाइल अर्धवट राहते, आणि एखाद्या दिवशी तो सुरूच होत नाही. त्यामुळे टायमरवाला स्मार्ट प्लग लावून रोज वीज तोडायचा विचार असेल तर तो कृपया सोडा. मॉनिटरला लावा हवा तर, पायला नको.

आता वेळ ठरवण्याबद्दल, आणि इथे मला जरा आमच्या घरचं सांगावं लागेल. आमचा आरसा पॅसेजमध्ये बेसिनच्या वर आहे. बाबांसाठी बसवला: घड्याळ, वार, त्या दिवसाच्या गोळ्या, आणि आईसाठी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. बाबांची एक गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायची असते. एका सोमवारी पहाटे ते उठले तेव्हा आरशात रविवारच होता. पान रात्री दहा बावन्नला गोठलं होतं. चष्मा नव्हता, घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, मोठ्या अक्षरातला ‘रविवार’ आणि खाली गोळीचं नाव तेवढं दिसलं. गोळी हातात होती, तेवढ्यात आई म्हणाली, “अहो, काल घेतलीत की.”

त्या दिवसापासून मी रीस्टार्टकडे निव्वळ सोय म्हणून बघत नाही. काळा पडलेला आरसा निदान गप्प असतो. गोठलेला आरसा कालचं आज म्हणून दाखवतो, आणि घरातली माणसं त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून पहिली विनंती: घड्याळात सेकंद चालू ठेवा. पडदा मोकळा दिसावा म्हणून बरेच जण ते काढून टाकतात. पण सेकंद हलत नाहीत म्हणजे पान मेलंय, हे आठ वर्षांच्या पोरालाही शिकवता येतं. आमच्याकडे बाबा आता आधी सेकंद बघतात, मग गोळ्या.

नुसता रीस्टार्ट लावण्याआधी तीन दिवस एक गोष्ट तपासा. मॅजिक मिरर आतून इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे मुळात क्रोमियम ब्राउझर. एकच टॅब आठवडाभर उघडा ठेवल्यासारखं ते आहे. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘फ्री’ ही कमांड ‘डॅश एच’ लावून सकाळ-संध्याकाळ चालवा आणि ‘अव्हेलेबल’च्या रकान्यातला आकडा कागदावर लिहून ठेवा. तो रोज घसरत गेला तर कुठलं तरी मॉड्यूल (आरशावरचा एकेक भाग दाखवणारा छोटा प्रोग्राम) मेमरी खातंय. आमच्याकडे ते फोटोंचं मॉड्यूल निघालं. मी फोनमधले फोटो तसेच टाकले होते. फाइल ४ एमबीची दिसते, पण १२ मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर उघडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून सुमारे ४८ एमबी जागा घेतो. असे पाच-सहा फोटो एकदम धरून ठेवले तर १ जीबीच्या पायचं काय होणार? सगळे फोटो पडद्याच्या मापाला लहान केले आणि तीन दिवसांनी गोठणारा आरसा तीन आठवडे चालला. संशय असलेलं मॉड्यूल कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल्ड ट्रू’ करून दोन दिवस बघा, पुसून टाकायची गरज नसते.

तरीही रीस्टार्ट लावाच. मी दोन लावलेत: रोज फक्त मिररचा प्रोग्राम, आणि रविवारी पूर्ण पाय. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच हवेत, क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीला, आपले देवनागरी आकडे कळत नाहीत.)

प्रोग्रामसाठी पीएम-टू (प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणारं साधन) वापरत असाल असं धरते. त्याच्यातच ‘क्रॉन-रीस्टार्ट’ नावाचा पर्याय आहे. मिररची प्रोसेस, बहुतेकांकडे तिचं नाव एमएम असतं, तो पर्याय देऊन एकदा रीस्टार्ट करायची आणि मग ‘पीएम-टू सेव्ह’ म्हणायचं. वेळ पाच रकान्यांत लिहितात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रोज पहाटे ४.३० साठी ३०, मग ४, मग तीन तारे. हेच काम साध्या क्रॉनटॅबमधूनही (क्रॉनच्या कामांच्या यादीतूनही) होतं, पण तिथे माझे दोन तास गेले होते. क्रॉनला फार थोडे पाथ (प्रोग्राम कुठे ठेवलेत ते पत्ते) माहीत असतात, त्यामुळे हाताने चालणारी पीएम-टूची कमांड तिथे गुपचूप फसते. शिवाय सुडो लावून रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) क्रॉनटॅबमध्ये लिहिलीत तर रूटचा पीएम-टू वेगळा असतो, त्याच्या यादीत तुमचा मिरर नसतोच.

पीएम-टूमध्ये ‘मेमरी एवढी झाली की रीस्टार्ट’ असाही पर्याय आहे. त्यावर विसंबू नका. आपण पीएम-टूला सहसा एक छोटी स्क्रिप्ट सुरू करायला सांगतो आणि ती स्क्रिप्ट पुढे मिरर सुरू करते. पीएम-टू मोजतो त्या स्क्रिप्टची मेमरी. यादी उघडून बघा, एमएमसमोर अगदी थोडे एमबी दिसतील, तिकडे इलेक्ट्रॉन शेकडो एमबी खात असेल.

पूर्ण पाय रीस्टार्ट करायची ओळ मात्र रूटच्याच क्रॉनटॅबमध्ये हवी: ‘सुडो क्रॉनटॅब डॅश ई’, आणि तळाशी वेळेचे पाच रकाने, मग ‘शटडाउन डॅश आर नाउ’ पूर्ण पाथसकट. रविवारसाठी शेवटच्या रकान्यात शून्य. पण ही ओळ लिहिण्याआधी एकदा हाताने रीबूट करा आणि आरसा आपणहून उभा राहतो का ते बघा. नाही राहिला तर ‘पीएम-टू स्टार्टअप’ करायचं राहिलंय. ती कमांड एक लांबलचक ओळ छापते, ती ओळ जशीच्या तशी पुन्हा चालवायची असते. इथेच बरेच जण अडकतात, कारण कमांडचं काम झालं असं वाटतं.

आता वेळ. पायची सिस्टिम टाकताना तुम्ही टाइमझोन निवडला नसेल तर तो लंडनचा असतो. मग तुम्ही लिहिलेले पहाटेचे ४ आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी ९.३० ला वाजतात आणि तिकडच्या उन्हाळ्यात ८.३० ला, नेमकं सगळ्यांची बेसिनवर गर्दी असते तेव्हा. ‘रास्पी-कॉन्फिग’ या पायच्या सेटिंगमध्ये जाऊन आशिया, कोलकाता निवडा आणि त्यानंतर एकदा रीबूट करा, कारण क्रॉन चालू असेपर्यंत जुनाच टाइमझोन धरून बसतो.

दुसरी गोष्ट: रात्री कमांडने पडदा बंद करत असाल तर पूर्ण रीबूटनंतर तो परत उजळतो. आधी मी रीबूट रात्री २ ला ठेवला होता, आणि पॅसेजमध्ये लख्ख उजेड पडून आई दचकून उठायची. बाबा पाचला उठतात, म्हणून आता सगळं ४.३० ला. कुणाची झोपमोड नाही आणि पाचला ताजी तारीख तयार. तुमच्या घरात सगळ्यात आधी उठणारं माणूस कोण ते बघा आणि त्याच्या अर्धा तास आधीची वेळ धरा.

लाईट जाण्याचंही बघावं लागतं. लाईट आली की पाय राउटरच्या आधी तयार होतो. पाय ५ सोडला तर आधीच्या मॉडेलमध्ये स्वतःचं घड्याळ चालवणारी सोय नाही, वेळ इंटरनेटवरून येते. म्हणजे नेट येईपर्यंत आरसा जुनी वेळ दाखवत राहतो, आणि सेकंद मात्र हलत असतात! आमच्याकडे राउटर छोट्या बॅटरी बॅकअपवर टाकला आणि ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये बूटच्या वेळी नेटवर्कसाठी थांबायचा पर्याय चालू केला.

एक मर्यादा लक्षात ठेवा. अख्खा पायच थिजला तर क्रॉनही थिजतो, मग पहाटेचा रीस्टार्ट होणारच नाही. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकताना दिसली तर आधी अडॅप्टर बदला. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, मोबाइलचा जुना चार्जर पुरत नाही. त्यातूनही थिजत असेल तर पायमध्येच वॉचडॉग असतो. सिस्टिम-डीच्या (पायवरची सगळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये ‘रनटाइम वॉचडॉग सेक’ला १५ सेकंद द्या. तेवढा वेळ सिस्टिमने हूं की चूं केलं नाही तर हार्डवेअर स्वतःच तिला परत सुरू करतं.

सगळं लिहून झालं की पहाटेची वाट बघू नका. आधी आत्तापासून पाच मिनिटांनंतरची वेळ टाका आणि आरशासमोर उभे राहा. पडदा काळा होईल, अक्षरं परत येतील, मग हवामान, मग कॅलेंडर. सगळं यायला किती मिनिटं लागली ते मोजा, आणि त्यानंतरच खरी वेळ टाका.