नाकाच्या पेशी गर्भात कुठून येतात?

बीएस्सीची एक विद्यार्थिनी विचारते: वास ओळखणाऱ्या चेतापेशी मेंदूतून फुटून नाकात उतरतात ना?

नाही, उलट आहे. डोळ्याचा पडदा मेंदूच्याच फुगवट्यातून होतो, म्हणून नाकाचंही तसंच असेल असं वाटतं. पण वासाच्या पेशी येतात गर्भाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातून, ज्याची एरवी कातडी होते. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस (डॉक्टर पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने सहाव्या) गर्भ जेमतेम 4-5 मिलिमीटरचा असतो. तेव्हा डोक्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना हा थर जाड होतो. त्या जाड जागेला प्लॅकोड म्हणतात. पाचव्या आठवड्यात ती आत दबून खळगा होतो, तिथे चेतापेशी जन्मतात आणि त्यांचे तंतू मेंदूकडे वाढत जातात.

पण त्याच थरातल्या ठरावीक पेशींचंच नाक का होतं?

शेजारून येणाऱ्या रासायनिक संदेशांमुळे. कोणता संदेश मिळाला, केव्हा आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं. हे आपल्याला मुख्यतः कोंबडीच्या अंड्यामुळे कळलं, कारण कवचाला छोटी खिडकी पाडली की आतला जिवंत गर्भ दिसतो, हाताळताही येतो.

मेंदू जिथे घडणार त्या भागाच्या कडेने पेशींचा एक अरुंद पट्टा असतो. नाक, डोळ्याचं भिंग, आतला कान, सगळ्यांच्या पूर्वज पेशी त्यातच. नाकाच्या आणि भिंगाच्या तर आधी एकमेकींत मिसळलेल्या असतात. लंडनच्या आंद्रेआ श्ट्राइट आणि सहकाऱ्यांनी या पट्ट्याचे तुकडे बशीत एकटे वाढवले. 2006 साली त्यांनी दाखवलं की तुकडा कानाच्या जागेवरचा असला तरी त्यातून भिंगाच्याच पेशी निघतात! एफजीएफ हे प्रथिन मिळालं की भिंग मागे पडतं आणि नाकाच्या पेशी पुढे येतात. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. कुणी संदेश दिला नाही तर पेशी गप्प बसत नाहीत, त्या भिंगाच्या वाटेला लागतात. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या लेना गुनहागा यांच्या गटाला वेळेचं महत्त्व दिसलं: बीएमपी हे प्रथिन थोडा वेळ मिळालं तर नाक, जास्त वेळ मिळालं तर भिंग.

भाचा 17 वर्षांचा आहे. मिसरूड नाही, आवाज फुटला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "वास येतो का?" याचा काय संबंध?

डॉक्टरांनी अगदी योग्य प्रश्न विचारला. वयात आणणाऱ्या संप्रेरकांची साखळी ज्या चेतापेशी सुरू करतात, त्या मेंदूत जन्मत नाहीत. त्या गर्भाच्या नाकापाशी तयार होतात आणि वासाच्या तंतूंचा माग धरून मेंदूत शिरतात. तंतूच वाटेत थांबले तर वासही येत नाही आणि वयात येणंही अडतं. याला कॅलमन सिंड्रोम म्हणतात. 1989 मध्ये असा दोष असलेल्या एका गर्भाच्या तपासणीत या पेशी नाकाच्या छतातल्या चाळणीवजा हाडाच्या वर, मेंदूच्या आवरणात अडकलेल्या सापडल्या.

वयात यायला उशीर होण्याची इतरही कारणं असतात, त्यामुळे निदान तपासणीनंतरच. पण "होईल हळूहळू", "लग्न झालं की ठीक होईल" म्हणत कृपा करून थांबू नका. मुलाला संप्रेरकतज्ज्ञांकडे न्या. कॅलमनवर उपचार आहेत, आणि योग्य उपचारांनी पुढे अनेकांना मूलही होतं.

कोविडनंतर कांदा परतताना घाण, जळका वास येतो. या पेशी पुन्हा तयार होतात का?

होतात. वासाच्या थराच्या तळाशी असलेल्या मूळपेशी आयुष्यभर नव्या चेतापेशी घडवतात. विषाणूने मुख्यतः त्यांच्या आधारपेशींना गाठलं होतं. नव्या पेशीला मात्र आपला तंतू मेंदूतल्या नेमक्या जागी पुन्हा जोडावा लागतो. ती जोडणी चुकल्यामुळे वास बिघडत असावा. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी यांचा दिवसातून दोनदा लक्षपूर्वक वास घ्या, काही महिने, खंड न पाडता. बऱ्याच जणांना याने फरक पडतो, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञही हाच सराव सुचवतात.